सत्तावन्न नंबर

आग्नेस टीचरच्या कॉफिनवर पवित्र पाणी शिंपडायला ॲन्सेल्म वाकला, आणि टीचरच्या हातात त्याला सत्तावन्न नंबर दिसला.

हात छातीवर जोडलेले, बोटांत रोजरी गुंडाळलेली, आणि बोटांखाली एक काळं, जाडजूड पुस्तक. जमलेल्या सगळ्यांना ते प्रार्थनेचं पुस्तक वाटत होतं, आणि वाटणारच. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, राजोडीच्या तीन पिढ्यांना धर्मशिक्षण दिलेलं, ती जाताना दुसरं कसलं पुस्तक नेणार? पण पुस्तकाच्या पाठीवर, अगदी खालच्या टोकाला, कागदाचा एक पांढरा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर तांबड्या शाईत लिहिलं होतं ५७. अक्षर ॲन्सेल्मचं स्वतःचं. पाचाचं पोट जरा जास्तच सुटलेलं.

एवढ्यानं कोणीही घाबरला असता. ॲन्सेल्मला मात्र घाबरायला आणखी एक कारण होतं. तासाभरापूर्वीच वाचनालयात त्यानं सत्तावन्न नंबर परत घेतला होता, रजिस्टरात खूण केली होती आणि पुस्तक ट्रंकेत टाकून कुलूप लावलं होतं. किल्ली खिशात होती. त्यानं पँटीवरून चाचपून पाहिली. होती.

"ॲन्सेल्म, पानी शिंपड नि पुढं हो," मागून सॅन्टन कुजबुजला. "वाडीला पानी घालतोस काय?"

ॲन्सेल्मनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नेमकं त्याच वेळी गायनमंडळानं गाणं सुरू केलं आणि लोकांचा समज झाला की ॲन्सेल्मही गातोय. मग झाकण बसलं. झाकण बसल्यावर बोलायला जी हिंमत लागते ती झाकण बसण्याआधीच्या हिमतीच्या दहापट असते, आणि ॲन्सेल्मकडे तर आधीचीसुद्धा नव्हती.

हा ॲन्सेल्म म्हणजे राजोडी वाचनालयाचा ग्रंथपाल. वय सहासष्ट. चाळीस वर्षं एका कंपनीत टायपिस्ट होता आणि त्या चाळीस वर्षांत त्यानं एकाही पत्रात स्वतःचं मत घातलं नव्हतं. वाचनालय म्हणजे बावखलाच्या काठावरची, पाण्याकडे खिडकी असलेली एक खोली. तिची स्वतःची पुस्तकं जेमतेम एक कपाट, तीही सगळ्यांची वाचून झालेली. वाचनालय चालायचं ते ट्रंकेवर.

ट्रंक यायची उत्तर पट्टा ग्रंथालय संघाकडून. संघाची योजना साधी आणि खरं सांगायचं तर शहाणपणाची होती. बारा गावं, बारा ट्रंका, प्रत्येकीत शंभर पुस्तकं. महिन्याच्या ठरलेल्या गुरुवारी प्रत्येक गावची ट्रंक पुढच्या गावाला जायची, पंगतीत भाजीचं पातेलं सरकतं तशी. कुठल्याच गावाला बाराशे पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण वर्षभरात प्रत्येक गाव बाराशे पुस्तकं वाचायचं. सतत हाताळून पुस्तकांच्या चिंधड्या व्हायच्या म्हणून संघानं ती सगळी पुन्हा बांधून घेतली होती. बांधणारा माणूस चर्चचीही पुस्तकं बांधायचा. त्याच्याकडे काळं रेक्झिन भरपूर होतं. तेव्हापासून बाराही गावांत प्रवासवर्णनं, पाककृती आणि खुनाच्या गोष्टी एकसारख्या दिसत. वाचक नावं विसरले आणि नंबर लक्षात ठेवू लागले. "एकोणतीस वाचलंस? रडू येतं," असं बायका बाजारात एकमेकींना सांगत.

या सगळ्या योजनेला एक अट होती. ट्रंक अपुरी असली तर पुढं सरकायची नाही. आणि एक अडली की बाराही अडणार, म्हणून ज्या गावाची ट्रंक अपुरी निघेल ते गाव वर्षभर पंगतीतून उठवायचं. राजोडीत ट्रंक आली नाही तर खोलीचं काय करायचं, हे वाचनालय समितीचा अध्यक्ष सॅन्टन यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. त्याचं किनाऱ्यावर रिसॉर्ट होतं, शनिवार-रविवारी गर्दी उसळायची, आणि प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायला जागा नव्हती. "चौदा वाचक नि चाळीस खुर्च्या," तो म्हणायचा. "तूच सांग, जास्त कोन?"

दफन आटोपल्यावर ॲन्सेल्म घरी न जाता थेट वाचनालयात गेला. भर दुपारची वेळ, उन्हानं खोली लख्ख, तरी त्यानं दार उघडं टाकलं आणि एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवूनच ट्रंकेचं कुलूप काढलं. कुलूपबंद ट्रंकेतून पुस्तकं बाहेर जातात, हे त्याला चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानं पुस्तकं मोजली. शंभर.

पुन्हा मोजली. शंभरच. शंभर ट्रंकेत आणि एक मातीत, म्हणजे एकशे एक. संघानं एकशे एक दिलीच नव्हती.

मग तो एकेक पाठ बघत गेला आणि त्याला बिननंबरचं एक पुस्तक सापडलं. काळं रेक्झिन, जाडी तेवढीच. त्यानं उघडलं. पहिल्याच पानावर क्रूस.

सगळा उलगडा झाला. आग्नेस टीचर मरणाच्या आठवडाभर आधीपासून मुलीला सांगत होत्या, "माझ्या आधी लायब्ररीचं पुस्तक घराबाहेर पडलं पाहिजे. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मी जायची नाही." म्हणून मुलीनं, शर्लीनं, मयताच्या गडबडीत उशाशी असलेल्या दोन काळ्या पुस्तकांतलं एक शेजारच्या नॅन्सीच्या हातानं वाचनालयात धाडलं आणि दुसरं आईच्या हातात दिलं. टीचरनी दोन्ही एकाच उशीखाली ठेवली होती. आणि ॲन्सेल्मनं, सुटाची बटणं लावत लावत, आत न बघता रजिस्टरात खूण केली होती.

सत्तावन्न नंबर म्हणजे खुनाची गोष्ट होती. तीन खून, शेवटचा एका मठात.

प्रार्थनेच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर टीचरच्या बारीक अक्षरात घरच्यांचे जन्म, लग्नं, मरणं लिहिलेली होती. वाचायला नको होतं, पण ॲन्सेल्म घाबरला की वाचतो. मधेच एक ओळ होती. 'रॉकी. ११ ऑगस्ट १९७९. वाचेल असं वाटेना म्हणून घरीच बाप्तिस्मा, मीच दिला. १५ तारखेला गेला. नाक बाबांचं.'

ॲन्सेल्मनं पुस्तक मिटलं.

सांगायचं म्हटलं तर काय सांगायचं? शर्ली, तुझ्या आईला आपण सगळ्यांनी मिळून तीन खुनांसकट पुरलं? आणि संघाला काय सांगायचं? उलट गप्प बसायचं म्हटलं तर काहीच करायचं नव्हतं. ट्रंकेत शंभर होती. एका चिठ्ठीचा प्रश्न होता. चिठ्ठ्या तर गळतच असतात, दर महिन्याला तो पाच-सात नव्या चिकटवतो.

दोन दिवस त्यानं काही केलं नाही. बुधवारी सकाळी त्यानं कागदाचा तुकडा कापला, तांबड्या शाईत ५७ लिहिलं आणि टीचरच्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलं. पाचाचं पोट पहिल्यांदाच आत गेलं.

डिंक वाळतोय तोच दारात शर्ली उभी.

"अंकल, येऊ का?"

शर्ली एव्हरशाईन सिटीत राहायची, बँकेत होती. आईच्या सातव्या दिवसाची मिस्सा होईपर्यंत राजोडीच्या घरीच थांबली होती. ॲन्सेल्मनं पुस्तकावर हात ठेवला आणि हातावर पेपर ठेवला.

"मम्मीचं पुस्तक पोचलं ना? नॅन्सीनं दिलं ना बरोबर?"

"पोचलं. पोचलं. खूण केली."

"बरं झालं. नाहीतर ती मला वरनं हाका मारत बसली असती." शर्ली हसली, आणि हसता हसता बाकावर बसली. उठायची काही चिन्हं दिसेनात. "अंकल, तुम्ही मम्मीचे विद्यार्थी. तिनं तुमच्याकडे कधी बाळाचा विषय काढलेला? माझ्या आधीचा भाऊ. चार दिवसांचा होता."

"नाही गं," ॲन्सेल्म म्हणाला. हे खरं होतं. म्हणजे दोन दिवसांपूर्वीपर्यंत खरं होतं.

"घरात कोणी नावच घेत नव्हतं. रविवारी मम्मीच्या मिस्सेत त्याच्यासाठीपण प्रार्थना करा, असं मी फादरना म्हटलं. फादर म्हणाले, नाव दे. त्यांचं जुनं रजिस्टर काढलं, तर त्यात नुसतं 'मुलगा' लिहिलंय. नाव होतं अंकल, मम्मीनं प्रार्थनेच्या पुस्तकात लिहिलेलं. लहानपणी एकदा मी ते पान उघडलं तर तिनं असं काही बघितलं माझ्याकडे, की परत हात लावायची डेअरिंग झाली नाही. आणि आता मीच माझ्या हातानं ते तिच्याबरोबर दिलं. एक फोटो काढायचा ना मोबाईलवर? एवढंपण सुचलं नाही."

पेपरखाली ॲन्सेल्मचा हात ओल्या डिंकाला चिकटला होता. नाव त्याच्या जिभेवर होतं. दोन अक्षरी नाव, उच्चारायला काही अवघड नव्हतं.

"तब्येत बरी नाही का? घाम आलाय तुम्हाला."

"पंखा हळू फिरतो," ॲन्सेल्म म्हणाला.

शर्लीनं वर बघितलं. पंखा बंद होता. तिनं खांद्यावर पर्स अडकवली आणि ती गेली.

गुरुवारी अकराला संघाचा टेम्पो आला. टेम्पो चालवायचा शत्रुघ्न, आणि मोजणीला यायची ज्ञानदा. पंचविशीची, विरारची, जूनमध्येच संघात लागलेली, आणि मोजणीत कोणाला सूट न देणारी.

"चला काका, पटकन करू. नंतर चंदनसार, मग अजून तीन गावं. मी नंबर बोलते, तुम्ही पुस्तक दाखवा."

मोजणी सुरू झाली. पन्नासपर्यंत ॲन्सेल्मला श्वास घेता येत होता.

"पंचावन्न."

"आहे."

"छप्पन्न."

"आहे."

"सत्तावन्न."

ॲन्सेल्मनं आग्नेस टीचरचं प्रार्थनेचं पुस्तक वर धरलं.

"आहे," ज्ञानदा त्याच्या वतीनं म्हणाली आणि खूण केली. "अठ्ठावन्न."

शंभर झाली. कुलूप लागलं, कुलपावर लाखेचं सील बसलं, तिनं पावतीवर सही केली, त्यानंही केली. शत्रुघ्ननं ट्रंक उचलून टेम्पोत ढकलली. संपलं. राजोडीचं वाचनालय वाचलं होतं, खुर्च्या हरल्या होत्या, कोणालाही काहीही कळणार नव्हतं. चंदनसारच्या ग्रंथपाल यमुनाबाईंना महिनाभरात कधीतरी खुनाऐवजी प्रार्थना सापडल्या असत्या, आणि त्या राजोडीला नाही, बांधणाऱ्याला शिव्या देत बसल्या असत्या.

आणि तेव्हा ॲन्सेल्मला तिसरी इयत्ता आठवली. त्यानं वर्गातल्या घंटेचा लोलक पळवला होता. आग्नेस टीचरनी विचारलं, कोणी घेतला? कोणी बोलेना. टीचरनी मारलं नाही, ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या. दोन तास. प्रत्येकाकडे सारख्याच मायेनं बघत. दुसऱ्या तासाच्या शेवटी ॲन्सेल्म रडत उभा राहिला होता. त्याला पुढं आयुष्यात साहेब भेटले, पोलीस भेटले, एकदा खवळलेला समुद्रही भेटला. पण टीचरच्या त्या वाट बघण्याइतकं भीतीदायक काही भेटलं नाही. आत्ताही त्या वाट बघत असणार, हे त्याला स्वच्छ कळलं. आणि आता तर त्यांना कुठं जायची घाईही नव्हती.

संघाची भीती एका पारड्यात आणि टीचरची दुसऱ्या. पारडं कुठं झुकलं हे सांगायला नको. टेम्पो सुरू झाला होता. ॲन्सेल्म त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"ओ काका, मरताय काय?" शत्रुघ्न ओरडला.

"सत्तावन्न नंबर ट्रंकेत नाही," ॲन्सेल्म म्हणाला.

ज्ञानदा खाली उतरली. "काका, मी आत्ता बघितला."

"तो नाही तो."

"मग सत्तावन्न कुठंय?"

"सिमेटरीत," ॲन्सेल्म म्हणाला, आणि सगळं सांगितलं. पाणी शिंपडण्यापासून डिंकापर्यंत. सांगताना तो एकदाही थांबला नाही, कारण थांबला असता तर पळाला असता.

ज्ञानदाचा चेहरा उतरला. "मी सही केलीय, काका. सील केलंय. प्रोबेशनवर आहे मी. सील तोडलं तर साहेब विचारणार, मग आधी काय मोजलंस?"

"माझं नाव सांगा."

"तुमचं तर सांगणारच आहे," ती रागानं म्हणाली. टेम्पोच्या सावलीत दोघंही सारखीच घाबरलेली. शेवटी तिनं किल्ल्यांच्या जुडग्यानं लाख फोडली, पुस्तक काढलं, शेवटची पानं उघडली. ती एक ओळ तिनं वाचली. शेवटचे दोन शब्द तिनं दुसऱ्यांदा वाचले असावेत.

"हे ट्रंकेत नाही जाऊ शकत," ती म्हणाली आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं.

मग फॉर्म निघाला. संघाच्या फॉर्ममध्ये पुस्तक गहाळ होण्याची कारणं छापलेली होती: फाटले, भिजले, वाळवी, उंदीर, वाचकाने नेले. दोघांनी विचार करून शेवटच्यावर खूण केली. खाली रकाना होता, 'परत येण्याची अपेक्षित तारीख'.

"नाही येणार असं लिहू?" ज्ञानदानं विचारलं.

ॲन्सेल्म गडबडला. "तसं आमच्या धर्माप्रमाणे... शेवटच्या दिवशी सगळेच उठणार आहेत."

"पुस्तकासकट?"

"ते फादरना विचारायला लागेल."

तिनं लिहिलं, 'तारीख नक्की नाही'.

राजोडी वर्षभरासाठी पंगतीतून उठली. ट्रंक संघाच्या मुख्य कचेरीत गेली. जाता जाता ज्ञानदा टेम्पोच्या खिडकीतून म्हणाली, "काका, नियम अकरा वाचलाय तुम्ही? बारांपैकी एका गावचा मेंबर तो सगळीकडचा मेंबर. तुमच्या चौदा जणांची कार्डं चंदनसारलाही चालतात. आजपर्यंत कोणी वापरलीच नाहीत."

"चौदा जण चंदनसारला कशाला जातील?"

"त्यांनीच जायला पाहिजे असं कुठं लिहिलंय? एकानं कार्डं घेऊन गेलं तरी चालतं. पिशवी मोठी न्या."

चंदनसारच्या यमुनाबाईंना ॲन्सेल्म गेली सहा वर्षं फोनवरसुद्धा घाबरत होता. पण हो म्हणाला.

सॅन्टनला बातमी टेम्पोच्या आधी पोचली होती. तीन वाजेपर्यंत चाळीस लाल खुर्च्या वाचनालयात येऊन पडल्या. राजोडीच्या वाचकांना बसायला खुर्च्या मिळाल्या त्या अशा, पुस्तकं गेल्यावर.

ॲन्सेल्मनं अंगठा ओला करून प्रार्थनेच्या पुस्तकावरची चिठ्ठी खरवडून काढली, पुस्तक पेपरात गुंडाळलं आणि तो टीचरच्या घराकडे निघाला. वाटेत दोनदा त्याला वाटलं की हे उद्या केलं तरी चालेल. पाय मात्र ऐकेनात.

शर्ली ओसरीवर तांदूळ निवडत होती. ॲन्सेल्मनं काही न बोलता पुडकं तिच्यापुढं ठेवलं आणि दोन पावलं मागं सरला, फटाक्याची वात पेटवून सरतात तसा.

तिनं पेपर सोडला. पुस्तक बघून तिनं आधी घराच्या आत बघितलं, मग ॲन्सेल्मकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"हे... हे कसं वर आलं?"

"ते खाली गेलंच नव्हतं. बाई, तू आधी ऐकून घे." आणि त्यानं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. काल तिच्यासमोर पेपरखाली हात ठेवून बसला होता, तेसुद्धा सांगितलं. ते सर्वांत कठीण गेलं.

शर्लीनं शेवटची पानं उघडली. बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबली. ओठ हलले. आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला.

"रॉकी."

ॲन्सेल्म टोपी हातात धरून शिक्षेची वाट बघत उभा होता.

"नाक बाबांचं," शर्ली म्हणाली. "माझंपण." मग एकदम तिचं डोकं वर झालं. "म्हणजे मम्मीच्या हातात काय दिलंय मी?"

"खुनाची गोष्ट."

"फादरनी त्यावर आशीर्वाद दिला, अंकल."

"हो."

"सगळ्या गावानं पवित्र पाणी शिंपडलं."

"मीसुद्धा. जरा जास्तच."

शर्लीनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय हे ॲन्सेल्मला कळेना, आणि विचारायची सोय नव्हती. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि सूप बाजूला सारलं.

"रविवारच्या मिस्सेत नाव घ्यायचंय. फादर आजच यादी करतात."

"मग जा ना. नाव मिळालं."

"आणि नाव कुठनं मिळालं विचारलं तर?"

ॲन्सेल्मनं टोपी डोक्यावर घातली.

"तुम्हीच सांगा फादरना."

"मी? तू मुलगी आहेस टीचरची."

"तुम्ही वयानं मोठे. चला."

आपली भीती आज दोनदा बोलून संपली, असा ॲन्सेल्मचा समज झाला होता. ती मुळीच संपली नव्हती, फक्त पुढच्या गावाला सरकली होती. चर्चच्या फाटकापर्यंत दोघं 'तुम्ही' आणि 'तू' करत गेली. फाटकाशी आल्यावर दोघांचाही आवाज बंद झाला. फादर आवारात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही, कानावर पेन्सिल.

"काय गं शर्ली? आणि हा कशाला आलाय असा, परीक्षेला आल्यासारखा?"

शर्लीनं पुस्तक छातीशी घट्ट धरलं.

"नाव रॉकी, फादर," ती म्हणाली. "लिहून घ्या आधी. रॉकी."

फादरनी लिहून घेतलं. शेवटचं अक्षर पुरं झाल्याची तिनं वाकून खात्री केली, आणि मग ॲन्सेल्मला दंडाला धरून पुढं ढकललं.